घरांत पांखरूं आणण्यापूर्वीं

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला, आणि त्या वादापायीं मला दोन-तीन आठवडे कायद्याच्या पुस्तकांत डोकें घालून बसावें लागलें. माझ्या पुतण्याच्या कन्येस दहावें वर्ष लागणार होतें. तिच्या वाढदिवसास एखादा बोलका पोपट आणून द्यावा, आणि तोहि साधासुधा नव्हे, तर आफ्रिकेंतील राखी रंगाचा, तांबड्या शेपटीचा आणावा, असें पुतण्याच्या मनानें घेतलें. शहरांतील एका दुकानदाराशीं त्याचें बोलणेंहि होऊन गेलें होतें. किंमत ऐकून वडील मंडळींच्या भुंवया वर चढल्या हें खरें; परंतु खरी हरकत काढली ती माझ्या धाकट्या भगिनीनें. तिची सारी नोकरी बँकेंत झालेली. ती म्हणाली, "पक्षी देईल रे, पण कागद काय देणार आहे तो?"

पुतण्या म्हणाला, "आत्या, पावती देणारच आहे. बाकीचे कागद मागाहून पाठवतो म्हणाला."

यावर आमच्या मातोश्री, ज्यांचें वय आज शहाऐंशीं वर्षांचें आहे, माळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "आमच्या साताऱ्याच्या वाड्यांत माडीवर राघूचा पिंजरा होता. त्याचे नाहीं कुणी कधीं कागद मागितले!"

या दोन वाक्यांतून दोन प्रश्न निघाले. परदेशांतून आलेला प्राणी घरीं पाळावयाचा तर आज कोणकोणते परवाने लागतात, हा एक. आणि आपल्याच अंगणांतील झाडावर बसणारा राघू पाळण्यास मुळींच परवानगी नाहीं, मग सातासमुद्रांपलीकडच्या पक्ष्यास ती कशी मिळते, हा दुसरा. पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतून या दोहोंचीं उत्तरें ठाऊक नसतात, असें चौकशी करतांना आढळून आलें. म्हणून हा लेखप्रपंच.

हौस जुनीच आहे

अपूर्व प्राणी बाळगण्याची हौस आपल्याकडे कालपरवांची नाहीं. पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशीं सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना होता, व त्यांत नाना तऱ्हेचीं श्वापदें बाळगलेलीं होतीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कोल्हापूर दरबारानें हरणांच्या शिकारीसाठीं आफ्रिकेंतून चित्ते आणविले होते. ते बाहेरून कां आणावे लागले, याचें कारण ध्यानांत घेण्याजोगें आहे. आपल्या देशांतील चित्ता तोंवर जवळजवळ संपत आला होता. शेवटीं १९५२ सालीं तो भारतांतून नामशेष झाल्याचें सरकारनेंच जाहीर केलें. घरचें संपलें कीं हौस बाहेरच्यावर जाते, हा क्रम तेव्हां जसा दिसला तसाच पुढें पक्ष्यांच्या बाबतींतहि दिसून आला.

राघूचा पिंजरा

मातोश्रींच्या लहानपणीं राघू बाळगण्यास कोणी अटकाव करीत नसे, ही गोष्ट खरी आहे. आज लागू असलेला वन्यजीव संरक्षण कायदा झाला तो १९७२ सालीं. या कायद्यांत 'शिकार' या शब्दाचा अर्थ बराच व्यापक केलेला आहे. बंदूक झाडणें ही तर शिकार आहेच. परंतु रानांतील पक्षी जाळ्यांत धरणें, त्याचीं अंडीं उचलणें, त्याचें घरटें मोडणें, या सर्वांचा समावेश त्याच शब्दांत होतो. पुढें १९९०-९१ च्या सुमारास भारतीय रानपक्ष्यांचा व्यापार सर्वस्वीं बंद करण्यांत आला. २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली, आपला नेहमींचा राघू कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचींत आहे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलें कासव व माणसाची बोली उचलणारी डोंगरी मैना यांस तर पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, स्थान मिळालें आहे.

याचा व्यवहारांतील अर्थ असा कीं, राघू विकत घेतां येत नाहीं, भेट म्हणून देतां-घेतां येत नाहीं, आणि "आम्ही त्यास मुलासारखें वागवतों" ही सबब चालत नाहीं. त्यासाठीं कोणताहि परवाना मिळण्याची सोय नाहीं. कायद्याविरुद्ध धरलेला वा बाळगलेला वन्य प्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता ठरते. या कायद्याखालीं साधारण गुन्ह्यास तीन वर्षेंपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत; पहिल्या अनुसूचींतील प्राण्यांविषयींचा गुन्हा असेल तर कैद किमान तीन वर्षें व कमाल सात वर्षें अशी आहे.

एका राघूसाठीं एवढा कडकपणा कां, असें कोणी विचारील. बाजारांतील राघू पिंजऱ्यांत जन्मास येत नाहीं. झाडाच्या ढोलींत हात घालून, पंख फुटण्यापूर्वीं, त्याचीं पिलें काढलेलीं असतात. ढोली मोठी करण्यासाठीं पुष्कळदां खोडच फोडलें जातें, आणि तें झाड पुढच्या वर्षीं घरट्यास निरुपयोगी होतें. टोपलींत दाटीवाटीनें कोंबलेल्या पिलांपैकीं कित्येक बाजार गांठण्यापूर्वींच मरून जातात. तेव्हां ओसरीवर गोड बोलणारा एक राघू पाहतांना, वाटेंत गेलेलीं त्याचीं भावंडें आपणांस दिसत नाहींत, एवढेंच.

येथें एक सूचना करून ठेवतों. वादळांत पडलेलें अथवा मांजरानें जखमी केलेलें पिलूं मुलें भूतदयेनें घरीं आणतात. त्यास आडोसा व ऊब देऊन नजिकच्या वनखात्याच्या कचेरीस लगेच कळवावें. घरीं पुष्कळ दिवस पोसलेला राघू पुण्य लागेल म्हणून एकाएकीं सोडून देणें हीहि दया नव्हे. खाणें शोधण्याची व शत्रू ओळखण्याची विद्या त्यास कोणी शिकविलेली नसते. त्यालाहि वनखात्याच्या स्वाधीन करणें हाच मार्ग आहे.

परक्याची नोंद

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. भारतीय पक्ष्यांचा बाजार बंद झाल्यावर व्यापाऱ्यांनीं परदेशी पक्ष्यांकडे मोर्चा वळविला. १९७२ चा कायदा मुख्यतः या देशांतील वन्य प्राण्यांसाठीं केलेला. परदेशी प्राणी बंदरावर किंवा विमानतळावर चोरून आणतांना सांपडला तर जकात खातें त्यास धरी, परंतु एकदां का तो शहरांतील दुकानांत पोंचला, कीं पुढें त्यास फारसें कोणी विचारीत नसे. ही वाट पुष्कळ वर्षें मोकळी राहिली.

वास्तविक या विषयावर राष्ट्राराष्ट्रांमध्यें करार झालेला आहे. ३ मार्च १९७३ रोजीं वॉशिंग्टन येथें त्यावर सह्या झाल्या, व १ जुलै १९७५ पासून तो अमलांत आला. 'साइट्स' या संक्षिप्त नांवानें तो ओळखला जातो. भारत १९७६ सालीं त्यांत सामील झाला. आज १८० हून अधिक राष्ट्रें त्यांत आहेत. या कराराचीं तीन परिशिष्टें आहेत. जे प्राणी नष्ट होण्याच्या पंथास लागले आहेत ते पहिल्यांत. व्यापारास आळा न घातल्यास ज्यांच्यावर तशी पाळी येईल ते दुसऱ्यांत. आणि एखाद्या देशानें आपल्या येथील प्राण्याच्या रक्षणार्थ इतरांचें साहाय्य मागितलें असेल तर ते तिसऱ्यांत. पहिल्या परिशिष्टांतील प्राणी रानांतून धरून धंद्यासाठीं परदेशीं पाठविण्यास बंदी आहे.

पुतण्याच्या मनांत भरलेला राखी पोपट २०१६ सालच्या जोहान्सबर्ग येथील परिषदेंत पहिल्या परिशिष्टांत घालण्यांत आला. त्याचें कारण वाचून आमच्या घरांतील हौसेवर विरजण पडलें. पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशांत शोधकांनीं केलेल्या पाहणींत, १९९२ नंतरच्या सुमारें दोन तपांत या पोपटांची संख्या शेंकडा ९० ते ९९ नें घटल्याचें दिसून आलें. जेथें संध्याकाळीं शेंकड्यांनीं पोपट मुक्कामास येत, तेथें हातांच्या बोटांवर मोजण्याइतकेहि दिसेनासे झाले. रानतोड हें याचें एक कारण. जगभरच्या दिवाणखान्यांतील आपल्यासारख्यांची हौस हें दुसरें.

भारतांत या बाबतींत तीन टप्प्यांनीं बंदोबस्त झाला. जून २०२० मध्यें केंद्रीय पर्यावरण खात्यानें सवलत जाहीर केली कीं, ज्यांच्यापाशीं असे परदेशी प्राणी असतील त्यांनीं सहा महिन्यांच्या आंत आपण होऊन कळवावें. मागील कागदपत्रांची पृच्छा होणार नाहीं. त्यानंतर २०२२ च्या दुरुस्तीनें या आंतरराष्ट्रीय करारांतील प्राणी आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचींत घेण्यांत आले. तिसरा टप्पा म्हणजे २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं प्रसिद्ध झालेले नोंदणीचे नियम. त्यांन्वयें पूर्वींपासून असे प्राणी बाळगणारांस सहा महिन्यांची, म्हणजे ऑगस्ट २०२४ अखेरपर्यंतची, मुदत दिलेली होती. ती केव्हांच संपली आहे.

आजची रीत थोडक्यांत अशी. चौथ्या अनुसूचींतील प्राणी ज्याच्यापाशीं असेल त्यानें केंद्र सरकारच्या 'परिवेश' या संकेतस्थळावरून आपल्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे अर्ज करून त्याची नोंद करून घ्यावयाची. प्राणी दुसऱ्यास दिला, त्यास पिलें झालीं, अथवा तो मेला, तरी तें कळवावयाचें. पहिल्या परिशिष्टांतील प्राण्यांची पैदास करावयाची असेल तर त्यासाठीं निराळा परवाना घ्यावा लागतो. परदेशांतून नव्यानें प्राणी आणावयाचा असल्यास त्या देशाचा निर्गत परवाना, आपल्या परकीय व्यापार महासंचालनालयाची परवानगी, आणि १८९८ च्या पशुधन आयात कायद्याखालील रोगतपासणी, या साऱ्यांतून जावें लागतें.

प्रत्येक परदेशी पांखरास हा सोपस्कार लागतो असें मात्र नाहीं. ऑस्ट्रेलियांतील लहान रंगीत बजरी, डोक्यावर तुरा असलेला कॉकॅटील, आणि गुलाबी तोंडाचा आफ्रिकी लव्हबर्ड, हे तीन पोपटवर्गीय पक्षी कराराच्या परिशिष्टांतून वगळलेले आहेत. पिढ्यान् पिढ्या ते पिंजऱ्यांतच निपजतात. मकाव, काकाकुवा, राखी पोपट, हिरवा इग्वाना सरडा, आफ्रिकेंतील बॉल पायथन नांवाचा अजगर, अमेरिकेंतील चिमुकलीं मार्मोसेट माकडें, हे सारे मात्र परिशिष्टांत आहेत, व त्यांची नोंद अवश्य आहे.

कूळ विचारावें

आपल्या घरांतून सोयरीक ठरविण्याची वेळ आली म्हणजे मुलाचें कूळ, गोत्र, मूळ गांव, आजोळ, सारें विचारून घेण्याची पद्धति आहे. शंका आली तर चार ठिकाणीं माणूस पाठवून खात्री करतों. आणि जो जीव पुढें कित्येक वर्षें आपल्या छपराखालीं राहणार, त्याचें मूळ मात्र आपण दुकानदारास विचारीत नाहीं! कायद्यानें जें मागितलें आहे तें याहून निराळें नाहीं. हा पक्षी कोठें जन्मला, कोणी वाढविला, आणि कोणाच्या हातून आला, या तीन गोष्टी सांगतां याव्यात, एवढीच त्याची अपेक्षा आहे.

म्हणून पैसे देण्यापूर्वीं विक्रेत्याकडून तीन गोष्टी पाहून घ्याव्या. पहिली, त्या विशिष्ट पक्ष्याची विक्रेत्याच्या नांवें झालेली नोंद. दुसरी, त्याची पैदास परवान्याविना करतां येत नसेल तर पैदास करणाराचा परवाना. तिसरी, पक्ष्याच्या पायांतील अखंड कडें. हें कडें पिलूं अगदीं लहान असतांनाच बोटांवरून सरकवितात. पाऊल वाढल्यावर तें घालतां येत नाहीं व निघतहि नाहीं. यामुळें तो पक्षी माणसाच्या देखरेखीखालीं जन्मला, याची तें एक साक्ष असते. नुसती पावती ही पैसे दिल्याची साक्ष होय. दुकान चालविणारानेंहि २०१८ च्या नियमांप्रमाणें राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे दुकानाची नोंद केलेली असली पाहिजे.

कागद पुरे झाले म्हणजे कर्तव्य संपलें असेंहि नाहीं. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणें, प्राण्यास नीट हालचाल करतां येणार नाहीं इतक्या अपुऱ्या पिंजऱ्यांत कोंडणें हा गुन्हा आहे. आपल्या ओसऱ्यांवर टांगलेले जुने पितळी पिंजरे आठवून पाहावे. त्यांतील किती या कसोटीस उतरले असते?

रुपयाएवढें कासव

ज्या प्राण्यांस नोंदणीची यातायात नाहीं, त्यांच्याहि बाबतींत विचार करावाच लागतो. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांत एक कासव आणलें होतें. कानामागें तांबडा पट्टा, हिरवीगार पाठ, आणि आकार जुन्या रुपयाएवढा. घरांत ठेवल्यास भरभराट होते, असें विकणारानें सांगितलें होतें. चार वर्षांत तें फुलपात्रांतून घमेल्यांत आणि घमेल्यांतून न्हाणींत गेलें. शेवटीं गणपतिविसर्जनाच्या दिवशीं शेजाऱ्यांनीं तें नदींत सोडून दिलें, आणि एका जीवास मुक्त केल्याचें समाधान मानलें.

हें कासव मूळचें अमेरिकेचें. तें वीतभराहून मोठें वाढतें, वीस-तीस वर्षें सहज जगतें, आणि परक्या पाण्यांत सोडलें कीं तेथील मूळच्या कासवांचें अन्न व ऊन खाण्याच्या जागा बळकावतें. जगांतील शंभर अति उपद्रवी आगंतुक जीवांच्या यादींत त्याचें नांव आहे. अमेरिकेंत १९७५ सालींच चार इंचांहून लहान कासवें पाळण्यासाठीं विकण्यास बंदी झाली. कारण त्यांच्या अंगावरील साल्मोनेला जंतूंपासून लहान मुलांस आजार होत होते. युरोपांतील राष्ट्रसंघानें १९९७ मध्यें त्यांची आयात थांबविली. परका जीव सोडल्यानें काय होतें, याचें उलट उदाहरण आपल्या राघूनेंच घालून दिलें आहे. पिंजऱ्यांतून सुटलेल्या राघूंची प्रजा आज लंडनच्या बागांतून हजारोंच्या संख्येनें नांदते, आणि तेथील लहान पक्ष्यांस ती जड जाते. जो आपल्या गांवीं लेंकुरवाळा, तो परगांवीं घुसखोर ठरतो.

पुढचीं चाळीस वर्षें

राखी पोपट पिंजऱ्यांत चाळीस ते साठ वर्षें जगूं शकतो. दहा वर्षांच्या मुलीस तो आणून दिला, तर तिचें शिक्षण, नोकरी, विवाह, परदेशगमन, या साऱ्यांत तो सोबत असणार. एकत्र कुटुंबांत अशी जोखीम सर्वांच्या अंगावर येते. आणि सर्वांची ती कोणाचीच नाहीं, असा अनुभव थोडाफार सर्वत्र आहे. सकाळीं फळ कापून कोण देणार, सगळे गांवीं गेले तर कोण राहणार? हा पक्षी थव्यानें राहणारा आहे. एकटा पडला तर तो स्वतःचीं पिसें उपटूं लागतो. घरांतील वृद्धांचीहि काळजी घेतली पाहिजे. पोपटाच्या विष्ठेच्या धुळींतून माणसांस एक प्रकारचा फुप्फुसाचा ताप येतो. १९२९-३० सालीं दक्षिण अमेरिकेंतून आणलेल्या पोपटांमुळें तो अमेरिकेंत व युरोपांत पसरला, आणि जानेवारी १९३० मध्यें अध्यक्ष हूव्हर यांनीं पोपटांच्या आयातीस बंदी केली. आज त्यावर औषध आहे; तरी नवीन पक्षी वैद्याकडून तपासून घेणें, आणि पिंजरा साफ केल्यावर हात धुणें, हें चुकवूं नये.

हें सर्व वाचून झाल्यावर पुतण्यानें दुकानदाराकडे नोंदणीचा दाखला मागितला. आधीं "पाठवतों", मग "साहेब गांवाला गेलेत", आणि पुढें दूरध्वनि उचलणेंच बंद झालें. प्रश्न तेथेंच निकालांत निघाला.

त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर मातोश्री आपण होऊन बोलल्या. साताऱ्याच्या त्या राघूचें पुढें काय झालें, तें आम्हांपैकीं कोणीच त्यांस आजवर विचारलें नव्हतें. त्या आठ वर्षांच्या असतांना पेरूची फोड घालून दार लावावयास विसरल्या. राघू बाहेर पडून समोरच्या कौलांवर जाऊन बसला. पंख कातरलेले असल्यामुळें त्यास उडतां येईना. खालून सगळे हांका मारीत होते, आणि तो शिकविलेलीं नांवें एकामागून एक घेत होता. तेवढ्यांत मांजर आलें. "इतकीं वर्षें वाटे कीं चूक दार उघडं राहिलं ती," त्या म्हणाल्या. "तुझं हें पुस्तक ऐकलं, आणि वाटलं कीं चूक त्याच्या आधींचीच."

आतां दररोज सायंकाळीं आमच्या गच्चीवर आजी आणि पणती बसलेल्या असतात. समोरच्या मोठ्या पिंपळावर राघूंचे थवे मुक्कामास येतात. पणती मोजते, आजी चुका काढते. परवां आंकडा त्र्याऐंशीवर गेला होता. यास नोंदणी लागत नाहीं, परवाना लागत नाहीं, आणि उद्यां आम्ही सर्वजण गांवीं गेलों तरी त्यांच्या खाण्यापिण्याची तजवीज करून जावें लागत नाहीं.